टेकडीपलीकडची गाडी

सरळ रेषेचा इतका मनापासून द्वेष करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, असे आमचे नकाशाचे सर. लोकधोरणाच्या एम.ए.ला ते आम्हाला जीआयएस शिकवत, म्हणजे संगणकावर नकाशे रचून त्यावरून सरकारी निर्णय कसे घ्यायचे ते. त्यांना पोह्यांतसुद्धा थर दिसत. "खाली पोहे, वर तर्री, त्याच्यावर कांदा. एकेक थर बंद करून पाह्य, मंग समजते मजा कशात आहे." मी तर्रीचा थर बंद केला आणि कोरडे पोहे घशात अडकवून वर्गाला सुट्टी मिळवून दिली. पत्ता म्हणून ते अक्षांश-रेखांश सांगत. मुलीच्या लग्नपत्रिकेतही तेच छापल्यामुळे अर्धे पाहुणे दवनीवाड्याच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात उतरले म्हणतात. खरं आहे, मी त्याच अर्ध्यात होतो.

दरेकशाकडच्या डोंगराळ पट्ट्याला एकच अॅम्ब्युलन्स मिळणार होती. ती कुठं उभी करायची, याचा नकाशा करायचं काम आमच्या वर्गाकडे आलं. माझ्या हुशारीला भरती आली. एक गाव धरून मी भोवती देखणा गोल काढला. सगळे टोले-वस्त्या आत.

सर म्हणाले, "काऊन बे, तुह्या नकाशातले पेशंट उडून येऊन राहिले का?"

दुसऱ्या सकाळी त्यांनी मला फटफटीवर मागं बसवलं. नकाशात बोटाएवढ्या असलेल्या टेकडीला वळसा घालून, नाल्यात उतरून, माझी कंबर मोडून आम्ही पलीकडच्या टोल्यावर पोचलो, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात मोहफुलं वाळवणारी बाई म्हणाली, "कायले आले जी?"

"हा पोरगा म्हणते, दवाखान्याची गाडी तुमाले जवळ पडते."

बाईनं मला न्याहाळलं. "मंग असा वाकून काऊन चालून राहिला?"

मी गोल पुसला. रस्त्यानं लागणारा वेळ धरून नवा नकाशा केला आणि त्यात गाडीची जागा टेकडीपलीकडे नेली. आकार चेंगरलेल्या वांग्यासारखा झाला. बैठकीत आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, "ये क्या टेढ़ामेढ़ा है? पहलेवाला अच्छा दिखता था."

"रस्ताच टेढा आहे साहेब. चला, दाखवतो," म्हणत सरांनी फटफटीची किल्ली टेबलावर ठेवली. साहेबांनी माझ्या अजून वाकलेल्या कंबरेकडे पाहिलं आणि सही केली.

आता सर निवृत्त आहेत, गुडघे गेलेत. तरी अधूनमधून त्या गाडीसमोरच्या टपरीवर जाऊन बसतात. मागच्या खेपेला मी सोबत होतो. गाडी जाग्यावर नव्हती. कुणाला तरी घेऊन गेली होती. "चला सर," मी म्हटलं, "काम चालू आहे तिचं."

"तू हो पुढं."

मी गेलो नाही. चहावर साय धरली, उन्हं टेकडीआड गेली. गाडी परत आली, ड्रायव्हरनं हसून हात केला, तेव्हा कुठं सरांनी उठायला माझा खांदा मागितला.