निम्मं भाडं सोलापुरात

गौराआत्या गेल्याचा निरोप लोहाऱ्याहून आला तेव्हा मी भाजी निवडत होते. ती निवडून झाल्यावरच उठले. रडू आलं नाही... शेवटच्या भेटीत तीच म्हणाली होती, "लई दमले गं आता."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. निजामाच्या राजवटीचे ते शेवटचे महिने. रझाकारांच्या धास्तीनं लोक सरहद्दीपलीकडं सोलापूरला निघाले होते. वडील तिथं गिरणीत कामाला होते आणि लोहाऱ्यात आम्ही तिघी, आई, आत्या नि मी. मोटारवाला सगळं भाडं आगाऊ मागायचा. आत्यानं त्याला सांगितलं, निम्मं आता घे, निम्मं सोलापुरात उतरल्यावर माझा भाऊ देईल. तो कसाबसा कबूल झाला, पण हे दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, या अटीवर. आत्यानं मान हलवली.

त्याच मोटारीत शेजारचे शांतप्पा मास्तर होते. सोबत बायको आणि म्हातारी आई. त्यांनी पुरं भाडं मोजलं होतं. सरहद्दीवरच्या नाक्याच्या बऱ्याच अलीकडं, माळावर मोटार थांबली. ओझं झेपत नाही, यांना सोडून परत येतो, असं म्हणत मोटारवाल्यानं मास्तरांना नि त्यांच्या घरच्यांना उतरवलं. आम्हाला बसू दिलं. मास्तरांनी खालून विचारलं, "अक्का, तुमालाच कसं ठिवलं?"

आत्या काही बोलली नाही.

वडिलांनी उरलेले पैसे दिले. मोटारवाला माळावर परत गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर बायकोसह पायी सोलापुरात पोचले. म्हातारी वाटेतच गेली होती. आत्या त्यांच्याकडं गेली नि अटीपासून सगळं सांगून टाकलं. मास्तर म्हणाले, "सांगितलं असतं, तर तुमीबी हितं पोचला नसता."

त्यांनी माफ केलं होतं. आत्याला ते कधी पुरलं नाही...

पुढं गावी परतलो, एसटी आली. आत्या गाडीत कधी आधी चढली नाही. गुडघे दुखायचे, जागा जायची, तरी दाराशी उभी राहून म्हणायची, "चढा तुमी, म्या हाय मागं."

परवा उमरग्याच्या स्टँडवर मी अशीच उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "चला की आजी, आता कुणी राहिलं न्हाय." तरी मी एकदा मागं वळून पाहिलं, आणि मगच चढले.