माशीबाई आणि पहिली मोळी

चहात माशी पडली तर बाई आधी ती नर की मादी ते बघायच्या, मग कप बाजूला सारायच्या. आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. अख्खा तालुका त्यांना माशीबाई म्हणायचा आणि त्यांना त्याचं कोण कौतुक!

सिरसाळ्याकडच्या मेंढपाळाची लेक. पिकल्या केळ्यावर बसतात त्या बारक्या फळमाश्या त्यांनी बाटल्यांत पाळल्या होत्या, खायला गूळ आणि मक्याचं पीठ. त्यांतल्या एका जातीत काही नर वांझ निपजत. त्यांचं बीज तयार होता होता अर्ध्यावरच थांबायचं. "कावून थांबतं?" एवढ्या एका प्रश्नापायी बाईंनी उमेदीची वर्षं घातली.

मग दुष्काळ आला. विहिरी आटल्या, लाइट दिवस दिवस गायब. फार उकाड्यात धडधाकट नरमाशीही वांझ होते. म्हणजे या वांझ नरांचा वंश चालवणारी त्यांची धडधाकट भावंडंही गेली, की जात कायमची बुडाली! बाईंनी बाटल्या उचलल्या आणि थेट सहकारी दूध संघ गाठला. थोडंफार दूध येत होतं, म्हणून शीतगृह जनरेटरवर चालू होतं आणि त्याला लागून असलेली खोली गार राहायची.

चेअरमननी कपाळाला हात लावला. "अहो बाई, जन्म गेला आमचा डेअरीतून माश्या हाकलण्यात!" तरी खोली दिली. भला माणूस.

संघाच्या सभेत मात्र गदारोळ उडाला. जनावरं छावणीत बांधून आलेली माणसं, आधीच तापलेली. बाई उठल्या.

"कारखान्यावर ऊस आला, गडी आले, बॉयलर पेटला. पर गव्हाणीत पहिली मोळी पडल्याबिगर गाळप सुरू होतं का? बीजाचंबी तसंच हाय. एका टप्प्याला शेकडो जनुकं एकदम कामाला लागत्यात. या नरांत ती मोळीच पडंना. ती कोण टाकतं, ते मी हुडकायलेय."

"आन् कळून आमाला काय मिळंल?" मागून एका सभासदानं विचारलं.

"ते मलाबी ठाऊक न्हाई. पर सापडलं की पयलं तुमाला सांगीन."

आश्वासनं ऐकून कान किटले होते सगळ्यांचे. ही बाई खरं बोलतेय, एवढं त्यांना पटलं. बाटल्या राहिल्या, माश्या जगल्या.

पुढं ती पहिली मोळी टाकणारं जनुक बाईंना सापडलं. मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं, पण बाई आधी संघाच्या सभेत उभ्या राहिल्या. "सापडलं!" काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! तोच सभासद उठून म्हणाला, "आमच्या डेअरीत जगल्या माश्या, असं सांगा तिथं." बाईंनी परिषदेत अगदी तसंच सांगितलं.

बाई आता नाहीत. त्या माश्यांचा वंश माझ्या प्रयोगशाळेत आहे. ही जात कुठली, असं बाहेरदेशीचे पाहुणे विचारतात. मी ताठ मानेनं सांगतो, बीडची. आमच्या बाईंची.