व्याह्यांची तापणारी बॅटरी

आग पिशवीत घालून एसटीनं हिंडणारा, आणि तेही डोक्यावरची टोपी जरासुद्धा हलू न देता, असा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे आणि तो नेमका आमचा व्याही आहे. जळगावहून लेक धुळ्याला दिली तेव्हा आम्ही मुलगा पाहिला, घर पाहिलं, पाण्याची टाकी केवढी तेही वाकून पाहिलं. मुलाच्या वडिलांकडे नीट पाहायचं मात्र राहून गेलं. तसे ते मुद्दाम पाहावेत असे वाटलेही नव्हते. अंगानं सडसडीत, सदरा पांढरा, बोलणं मोजकं. हायवेलगत त्यांचं सेल्फ-डायनामो दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रॅक्टर असो, ट्रक असो, चावी फिरवून गाडी उठेनाशी झाली की लोक ती आबांकडे आणायचे. सगळे त्यांना आबाच म्हणतात, मीही म्हणते. धक्का मारून गाडी चालू केलेली त्यांना खपत नसे. लग्नातसुद्धा वऱ्हाडाची जीप बंद पडली तेव्हा दहा जण धक्का मारायला सरसावले, तर हे बोनेटपुढे हात पसरून उभे राहिले आणि मुहूर्त टळतो की काय या धास्तीनं माझा जीव कासावीस होईपर्यंत तारा खरवडत बसले. गाडी चावीवर उठली, मगच नवरदेव मांडवात आला.

गुडघे गेले तसं दुकान बंद केलं आणि आबांना रिमोटच्या गाड्यांचा नाद लागला. हसू नका, मी आधी पुष्कळ हसून घेतलं आहे. ही गाडी बुटाच्या खोक्याएवढी, पण तिला खरं इंजिन असतं, ती खरं इंधन पिते आणि खरा धूर सोडते. एवढ्याशा अंगात स्वतःचा सेल्फ मावत नाही म्हणून ती एका पेटीवर ठेवायची. पेटीत मोटर, पट्टा आणि रबराचं चाक. बटण दाबलं की ते चाक खालून इंजिनाला फिरवतं, इंजिन लागलं की गाडी उचलून जमिनीवर सोडायची. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे सेल्फ दुरुस्त केले त्याच्या हाती बिनसेल्फची गाडी पडली, मग काय विचारता! या पेटीला जोर देते साबणाच्या वडीएवढी लिथियमची बॅटरी. आणि ती बॅटरी तापायला लागली.

आता गंमत अशी, की आबांच्या बोटांना ताप कळतच नाही. चाळीस वर्षं तापल्या लोखंडात घालून ती बोटं जोड्याच्या तळव्यासारखी झालेली. म्हणून ते आल्यागेल्याला हात लावायला सांगायचे. पाहुणा पाणी पिऊन होतो न होतो तोच, "जरा हात लावून सांगा बरं." आणि जो जे सांगेल ते वहीत उतरवायचे. मी ती वही पाहिली आहे. ‘दूधवाला : चटका. शेजारीण : अगं बाई. पोस्टमन : कोमट. (पोस्टमनचे खरे धरू नये.)’ त्यांनी तारा बारीक म्हणून जाड घातल्या. रबराचं चाक घासतंय म्हणून मोटर सरकवली, पट्टा ताठ म्हणून सैल केला, चार्जर बदलला, अखेर बॅटरीही नवी आणली. नवीही तापली. एखाद्या घरात दुखणेकऱ्याच्या खोलीत जसे पावलं न वाजवता वावरतात तसे ते त्या पेटीभोवती वावरायचे.

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग एक दिवस त्यांनी पेटीतून काढलेली बॅटरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर निवायला ठेवली. ती पापडासारखी फुगली आणि भसाभस धुरायला लागली. घरात लेक एकटी. तिनं सांडशीनं ती धरली आणि अंगणात भिरकावली. पदराचा काठ जळाला, ओट्यावर तळहाताएवढा काळा डाग पडला. सासऱ्यांना मात्र ती एका शब्दानं बोलली नाही. सासऱ्यापुढे सुनेनं आवाज चढवायचा नाही, त्या घरात हे असं मुरलेलं, आणि खरं सांगायचं तर मीही तिला तेच शिकवून पाठवलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तेव्हा झोक्यावर बसायचं सोडून माझ्यापुढे रडली. म्हणाली, "आई, आता एक तर ती पेटी घरातून जाईल, नाहीतर मी वेगळं घर मागेन. तू सांग त्यांना. माझ्यानं नाही सांगवत."

आबांची बायको, माझ्या विहीणबाई, जाऊन दीड वर्ष झालेलं. मुलगा दिवसभर ऑफिसात. त्या म्हाताऱ्याच्या हातून ही पेटी काढून घ्यायची म्हणजे काय, हे मला कळत होतं. पण ओट्यावरचा डागही मी लेकीच्या फोनमध्ये पाहिलेला होता.

आखाजी झाल्यावर तिला न्यायला आबा स्वतः आले. खांद्याला पिशवी, पिशवीत रेतीनं भरलेलं मडकं, रेतीत जळलीच्या जागी आणलेली नवी बॅटरी. पेटी आणि गाडी दुसऱ्या पिशवीत. कंडक्टरनं विचारलं, मडक्यात काय? तर हे म्हणाले, "पेशंट शे. जळगावला दाखवायला नेतोय." कंडक्टरनं हात जोडले आणि पुढे सरकला, त्याला काय वाटलं ते त्याचं त्याला माहीत.

चहा झाल्यावर मी घसा खाकरून सांगितलं. सगळं सांगितलं, पदराचं आणि वेगळ्या घराचंही. आबांनी खाली मान घालून ऐकलं. "बरोबर शे तिचं," एवढंच म्हणाले. मग पेटीची पिशवी जवळ ओढून, "आजचा दिवस द्या, विहीणबाई. आज दोष सापडला नाही तर पेटी इथंच भंगारात घालतो आणि रिकाम्या हातानं धुळ्याला जातो."

मी गच्चीवर बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, टाकत होते. टाकीच्या सावलीत त्यांनी पेटी मांडली, वर गाडी ठेवली आणि बटण दाबलं. घर्रर्र. मी एक बिबडा टाकला, दुसरा टाकला, चौथा टाकला, तरी घर्रर्र चालूच.

"आबा, अंगठा मधे उचलत का नाही?"

"इंजिन लागलं नाही अजून."

"पण जरा दम खाऊ द्या की तिला!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना धक्का मारायला सांगितलं होतं. "सेल्फ अर्ध्यात सोडायचा नसतो. समोर गिऱ्हाईक उभं असतं. सोडला की त्याला वाटतं, मिस्तरी हरला. आयुष्यात नाही सोडला मी."

"अहो, ट्रॅक्टरची बॅटरी केवढी आणि ही केवढी! ही तापणारच."

त्यांनी अंगठा उचलला, पण हट्ट नाही सोडला. "मग आधी का नाही तापली? अंगठा तोच, पेटी तीच. तीन वर्षं बठ्ठं बेस व्हतं, काही म्हणून बिघडलं नाही."

लेक पिठाचं पातेलं घेऊन जिन्याच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहून, हळूच म्हणाली, "आई, सासूबाई ओरडायच्या ना."

"काय ओरडायच्या?"

"आबांनी बटण दाबलं रे दाबलं की स्वयंपाकघरातून, ‘पुरे आते! बंद करा आता!’ मग आबा सोडायचे. जरा थांबून पुन्हा दाबायचे, की पुन्हा, ‘पुरे आते!’"

 आबांनी वही उघडली, पहिलं पान काढलं, पाहिलं आणि मिटली. तापाची पहिली नोंद विहीणबाईंचं तेरावं झाल्यानंतरची होती.

"ती आवाजाला कंटाळून ओरडायची," ते म्हणाले. "बॅटरीसाठी नव्हे."

"नसेल. पण बॅटरीला काय माहीत?" मी म्हटलं.

"तारा बदलल्या, पट्टा सैल केला, चार्जर बदलला," ते बोटं मोजत म्हणाले. "मशिनीत शोधत बसलो मी." मग लेकीकडे वळले. "तू का नाही ओरडलीस गं कधी?"

"तुम्हाला?"

"मलाच. आता ओरड. मी दाबतो."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी पातेलं तिच्या हातातून घेतलं. घर्रर्र सुरू झालं. ती म्हणाली, "आबा... पुरे."

"हे काय ओरडणं? हे तर भाजी नको म्हटल्यासारखं झालं." अंगठा तसाच.

मग मात्र ती ओरडली. "पुरे आबा! पुरे! त्या दिवशी माझं घर पेटलं असतं! मी एकटी होते!" शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. आबांचा अंगठा आपोआप वर आला. 

"ठाऊक शे मला, पोरी," ते म्हणाले. "तो डाग मी रोज पुसून पाहतो. निघत नाही."

ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, ते त्यांना जमत नाही. त्यांनी बॅटरी तिच्यापुढे सरकवली. "हात लावून सांग." तिनं डोळे पुसले, हात लावला आणि म्हणाली, "कोमट." त्यांनी वहीत लिहिलं, ‘सूनबाई : कोमट.’ पोस्टमनसारखा कंस काही पुढे घातला नाही. थांबत थांबत तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं.

लेकीनं अटी घातल्या, आणि चांगल्या खणखणीत आवाजात घातल्या. पेटी गच्चीवर राहील, बॅटरी रेतीच्या मडक्यात, ओट्यावर कधीच नाही, आणि ती घरात असल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आबा प्रत्येक अटीला मान डोलवत होते. दुपारच्या गाडीनं दोघं धुळ्याला गेले. मडकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं होतं.

परवा तिचा फोन आला. बॅटरी आता तापत नाही, गाडी पहिल्याच झटक्यात उठते म्हणाली. "पण आई, इंजिन लागलं तरी ते बटण काही सोडत नाहीत. जिन्याच्या दाराकडे बघत तसेच बसून राहतात."

"मग तू काय करतेस?"

"ओरडते. लगेच ओरडते," ती म्हणाली. "वाट पाहायला नाही लावत."