पिवळी न झालेली नळी

नळी पिवळी व्हायला पाहिजे होती. झाली नाही. मी आणखी तासभर थांबले. शेजारची कंट्रोलची, म्हणजे मुद्दाम फ्लोराइड टाकलेली, नळी हळदीसारखी पिवळी झाली होती. शाळेच्या पाण्याची मात्र तशीच, बिनरंगी.

सर म्हणाले, "झालं की मग. कंट्रोल पिवळा, नमुना कोरा. पाणी चांगलं आहे. हे गाव यादीतून काढा."

मी धाराशिवच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये सरांच्या हाताखाली टेक्निकल असिस्टंट आहे. शाळांच्या बोरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे का, हे आम्ही तपासतो. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं की लेकरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढं हाडंही धरतात. वाईट पाण्याच्या शाळांची यादी शनिवारी वर जाणार होती. यादीतल्या शाळांना शुद्धीकरणाचं यंत्र मिळणार होतं. बाकीच्यांनी पुढच्या यादीची वाट बघायची. ती कधी होणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

या नळीत काय असतं ते सांगते. फ्लोराइड जिवाणूंना सोसत नाही. ते बाहेर फेकणारं एक प्रथिन ते बनवू शकतात. त्या प्रथिनाची कृती जनुकात लिहिलेली असते. प्रथिन बनवायचं तर आधी त्या कृतीची नक्कल काढावी लागते. ही नक्कल म्हणजे आरएनए. पण गरज नसताना प्रथिन बनवत बसणं जिवाणूला परवडत नाही. म्हणून नक्कल निघू लागली की तिच्या सुरुवातीचाच तुकडा स्वतःभोवती घडी घालतो. फ्लोराइड नसेल तर घडी अशी पडते की नक्कल तिथंच तुटते. फ्लोराइड येऊन त्या घडीत बसलं की नक्कल पूर्ण निघते आणि प्रथिन तयार होतं. या तुकड्याला रायबोस्विच म्हणतात. शेतातल्या मोटारीला ऑटो बसवतात, लाईट आली की माणूस न जाता मोटार सुरू होते, तसंच हे. आमच्या नळीत या स्विचपुढं पिवळा रंग आणणाऱ्या प्रथिनाची कृती जोडलेली असते. सगळं वाळवून भरलेलं. थोडं पाणी टाकायचं आणि उबेला ठेवायचं.

सरांपुढं बोलणं मला जड जातं. माझे वडील गवंडी, आई कधी शाळेत गेली नाही. एम.एस्सी. होऊन मी दोन वर्षं घरी बसले होते, तेव्हा सरांनी बोलावून हे काम दिलं. माझ्या इंग्रजीला ते कधी हसले नाहीत. तरी मी म्हणाले, "सर, त्या लेकरांचे दात मी बघितलेत."

"डाग जुन्या पाण्याचे असतील. आपण आजचं पाणी तपासतो. उद्या संध्याकाळपर्यंत सही करून द्या."

मी दुसरी नळी लावली. तीही कोरी. मग त्याच नमुन्यात मोजून फ्लोराइड टाकलं आणि तिसरी लावली. ती पिवळी झाली. म्हणजे स्विच चालू होता, पाण्यात त्याला अडवणारंही काही नव्हतं. फ्लोराइडच नव्हतं. मान दुखत होती, डोळे चुरचुरत होते. सही करून घरी जावं असं वाटलं.

फॉर्म भरताना टीडीएसचा रकाना रिकामा दिसला. पाण्यात क्षार किती ते दाखवणारा पेनासारखा मीटर असतो. नमुना लॅबमध्ये आला त्या दिवशी त्याचा सेल संपला होता. नंतर बघू म्हणून मी तो रकाना सोडला होता. नवे सेल घालून मीटर बाटलीत बुडवला. दोन आकडी आकडा आला. आमच्याकडं बोरच्या पाण्याला तीन आकडी तर येतोच, कधी चारही. असलं गोडं पाणी या जमिनीतून निघत नाही.

मग आठवलं. मी गेले तेव्हा लाईट नव्हती, बोर बंद होता. लेबल लावलेल्या बाटल्या शाळेत ठेवून मी परत आले होते. दुसऱ्या दिवशी त्या भरून एसटीनं आल्या. एवढं एकच काम मी स्वतः केलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटेची एसटी धरली. गाव माकणीच्या पुढं, शेवटचे काही किलोमीटर शाळेतल्या गुरुजींच्या मोटारसायकलवर. जानेवारीची थंडी, अंगात झोप. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलमावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मावशी, त्या दिवशी बाटल्या कोणी भरल्या?"

"म्याच की. धुऊन, पुसून, झाकण घट्ट लावून. का, गळल्या का?"

"पाणी कुठलं भरलं?"

"जारचं." कोपऱ्यातल्या निळ्या जारकडं त्यांनी बोट केलं. "पावण्यारावळ्यांसाठी आणून ठेवतेत गुरुजी. तुमी एवढ्या लांबून आलाव, तुमाला बोरचं खारं पाणी कसं द्यावं? लाज न्हाय का वाटायची?"

गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, ते प्यायला नव्हतं, तपासायला होतं!"

"तपासायला तर चांगलंच द्यावं की! साहेब आला की तुमी फळ्यावर हुशार लेकराला उभं करताव, ते कसं चालतं?"

मला हसू आलं, पण हसायचं त्राण नव्हतं.

लाईट आली. थोडा वेळ पाणी जाऊ दिलं आणि बाटली मी स्वतः भरली, त्यातलं थोडं सोबत आणलेल्या नळीत टाकलं. नळीला ऊब हवी होती, म्हणून ती गुरुजींच्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली. त्यांनी तशीच चौथीला गणितं घातली. दुपारी नळी बाहेर काढली, तर पिवळीधमक.

मावशींनी नळी उजेडात धरून बघितली. "मग इतके दिस लेकरं पितेत ते?"

"हेच."

"अन् माझ्या नातीचे दात?"

"पडलेले डाग जात नाहीत, मावशी. पण धाकट्यांचे वाचतील."

त्यांनी जारवरचं झाकण काढलं आणि पोरांचे पेले आणायला आत गेल्या.

मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाटल्या सोडून का आलात?"

"चुकलं, सर."

"गाव यादीत घाला. आणि बाकीच्या गावांत बाटल्या कोणी भरल्या, ते विचारा."

विचारलं. आणखी दोन शाळांत जारचंच पाणी भरलं होतं. शनिवारी सकाळी तिथलं बोरचं पाणी आणवून तपासलं, नळ्या पिवळ्या झाल्या; त्याही यादीत गेल्या. यंत्रं मंजूर झाली आहेत, अजून बसलेली नाहीत. तोवर जार लेकरांनाही मिळतो, पुरेल तेवढा.

लोक वाईट ते लपवतील, असं धरून आम्ही फॉर्म बनवला होता. ते आम्हाला होतं त्यातलं चांगलं देतील, याला त्यात रकाना नव्हता. आता आहे: 'नमुना कोणी, कुठून भरला.' आणि कोणत्याही गावात तांब्या पुढं आला की मी आधी विचारते, पाणी कुठलं. बाई लई चोखंदळ आहे, असं मागं बोलतात.