काशीला सोडलेलं कारलं

पडदा वर जातो तो धामणगाव बढ्याच्या महादेवाच्या ओट्यावर. माघातली सकाळ आहे, निंबाखाली ऊन-सावलीची जाळी पडलीय, देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलंय आणि तिचा नाद अजून विरलेला नाही. ओट्याच्या मधोमध पाय लांब करून भगवानराव बसलेत. डोक्यावर पांढरी टोपी, डाव्या पायाच्या अंगठ्याला पांढरी पट्टी. एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. एक फुरका, एक चोखा. एक फुरका, एक चोखा. चेहऱ्यावर अशी तृप्ती की पाहणाऱ्यालाही तोंड गोड झाल्यासारखं वाटावं.

हा माणूस भाजीवाल्याच्या घरात जन्मला असला तरी मूळचा रंगातला. सप्त्याच्या दिंडीत भगवानराव पावली खेळायला उतरले की मृदंगवाल्याचा हात आपोआप चढायचा. साठी उलटली तरी दोन पावलं पुढे, एक मागे, मग अशी गिरकी की बायका घराच्या गच्चीवरून वाकून बघायच्या. आणि आता हा अंगठा! खडा रुतल्याचं निमित्त झालं आणि जखम भरेचना. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि साफ सांगितलं, की साखर उतरली नाही तर अंगठा ठेवता येणार नाही.

अंगठा गेला म्हणजे पावली गेली.

"साडेसाती हाये भाऊ," शेजारी बसलेले उत्तमराव म्हणाले. "शनीले तेल वाहून या."

"हाव. तेच असंन," भगवानराव म्हणाले आणि खडा दुसऱ्या गालात सरकवला. "मागल्या जन्माचंही काही असंन. कोनाची तरी नजरही लागली असंन पाह्य."

शनी, मागला जन्म, नजर, ही सगळी कारणं त्यांना मनापासून पटत. त्यांच्यात एक मोठा गुण होता. त्यांपैकी एकाही कारणासाठी हातातला गूळ खाली ठेवावा लागत नव्हता.

इतक्यात टोपलं डोक्यावर घेऊन त्यांच्या पत्नी गोजरबाई आल्या. टोपल्यात स्वतःच्या मळ्यातली हिरवीगार कारली. बढ्यातलं सगळ्यात देखणं कारलं यांच्याच मांडवावर लागतं, मोताळ्याच्या बाजारात दुपारच्या आत संपतं, आणि पिकवणाऱ्याने मात्र ते कधी जिभेवर ठेवलेलं नाही.

"अवो, गूळ ठेवा खाली! डॉक्टर काय बोलले? भाकर खा, कडू भाजी खा."

"मी कारलं काशीले सोडलं, गोपालची माय. देवाले देल्ला शब्द मोडू काय आता?"

गोजरबाईंनी नुसतं पाहिलं. ते पाहणं उत्तमरावांनाही लागलं. त्यांनी ओट्याखाली काढलेली चप्पल शोधायला सुरुवात केली.

त्या काशीची गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी गावातली मंडळी गाडी करून काशीला गेली. तिथं गेलं की आपल्या आवडीचं काहीतरी गंगेत उभं राहून जन्माचं सोडायचं, ही आपली जुनी रीत. गोजरबाईंनी वांगं सोडलं. वऱ्हाडातल्या बाईनं वांगं सोडायचं म्हणजे काय, हे रोडगे-वांग्याच्या पंगतीला बसलेल्यालाच कळेल. मग भगवानरावांची पाळी आली. गुरुजींनी विचारलं, "आप क्या छोडेंगे?" गूळ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कारलं!"

लहानपणापासून ज्याला शिवले नव्हते, ते कारलं! कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या गोजरबाईंनी तेव्हाही असंच पाहिलं होतं. पण घाटावर नवऱ्याशी भांडू नये, म्हणून त्या गप्प राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सप्त्यात दुपारचं प्रवचन होतं. जानेफळची प्रतीक्षाताई बोलायला आली होती. वय कोवळं, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. तिनं त्रिविध ताप समजावून सांगितले. एक दुःख आपल्याच देहामनातून उठतं, एक दुसऱ्या प्राण्यांकडून येतं आणि एक दैवाकडून येतं. भगवानराव हळूच उठून उभे राहिले.

"ताई, माहा अंगठा तिसऱ्यातच बसते ना? दैवाच्या?"

मंडप खदखदला. प्रतीक्षाताई हसली. "काका, अंगठ्याला खडा रुतला, तो दुसऱ्यात धरू. पण जखम का भरत नाही?"

"मागल्या जन्माचं कर्म!"

"मागचं कर्म फळतं, हे शास्त्र सांगतं. पण आज सकाळी जे हातून झालं, तेही कर्मच की. काय झालं सकाळी?"

भगवानरावांनी तोंड उघडण्याआधी बायकांच्या बाजूनं गोजरबाईंचा आवाज आला.

"गूळ खाल्ला! चहासंगं, भाकरीसंगं, अन् नुसताही! अन् काशीले जाऊन कारलं सोडून आले हे. कारलं!"

मृदंगवाला हसता हसता मृदंगावरच आडवा झाला. पण गोजरबाई हसत नव्हत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "ताई, ह्यायचा पाय वाचला पाह्यजे. कारल्याचा शब्द परत घेता येते काय?"

प्रतीक्षाताई त्यांच्याकडे वळली. "मावशी, आवडत नव्हतं ते सोडलं, तर सुटलं काहीच नाही. देवाला जाऊन खरं सांगावं. तो ऐकतो. आणि सुख त्या गुळातच असतं ना काका, तर दहावा खडा पहिल्याहून गोड लागला असता."

भगवानराव घरी न जाता तडक मळ्यात गेले आणि कारल्याच्या मांडवाखाली गाल फुगवून बसले. संध्याकाळी गोजरबाई येऊन शेजारी टेकल्या.

"साऱ्या गावात माही इज्जत काढली तू."

"अंगठ्यापक्षा इज्जत मोठी हाये काय?"

मग भगवानराव हळू आवाजात म्हणाले, "बाप दिवसभर वखरावर राबवे. संध्याकाळी हातावर गुळाचा खडा ठेवे. तेवढाच लाड होता वो माहा. थो कसा सोडू?"

हे गोजरबाईंना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांनी पदरानं नवऱ्याच्या पट्टीवरची माती झटकली.

"वांगं सोडलं तवा मी पंगतीत वाढू वाढू रडली होती. वास आला की जीव तुटे. अन् मंग एका पंगतीत ध्यानात आलं, मी वांग्याची बादली घेऊन वाढून राह्यली, अन् गानं म्हनून राह्यली. वांगं तेच, मीच त्याच्यातून निंघाली होती. बापाचा लाड गुळात नसते वो. थो तुमच्यात हाये, कुठी जाऊन राह्यला?"

सकाळी आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून भगवानराव देवळात हजर झाले. एका हातात गूळ, एका हातात कारलं. बातमी फुटली होतीच. उत्तमरावांसकट अर्धा गाव ओट्यावर.

"महादेवा," भगवानराव पिंडीपुढे उभे राहून म्हणाले, "काशीले लबाडी केली. तुलेही ठाऊक होती, हिलेही ठाऊक होती. कारलं वापस नेतो. हा गूळ घे."

खडा पिंडीजवळ ठेवला, पण बोटं काही सुटेनात. ओट्यावर सगळे श्वास रोखून उभे. गोजरबाईंनी ओढलं नाही, ढकललं नाही. नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बोटं एकेक करून उघडली.

"सोडला!" उत्तमराव ओरडले, आणि अशा टाळ्या पडल्या की गाभाऱ्यातली कबुतरं उडाली.

गोळ्या वेळेवर, फिरणं नेमानं आणि गूळ नाही, असे महिने गेले. चैत्रात पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी अंगठा उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "राहिला." हनुमान जयंतीच्या दिंडीत भगवानरावांनी जपून का होईना, गिरकी घेतली. मृदंगवाल्याचा हात चढला.

पण पहिलं कारलं खाल्लं ते देवळात गूळ सोडला त्याच दिवशी दुपारी. गोजरबाईंनी मिठात चोळून, कांदा घालून, कुरकुरीत परतलं होतं. भगवानरावांनी घास घेतला. डोळे मिटले. एक भुवई वर गेली, मग दुसरी. मान देठापासून हादरली. मोठ्या कष्टानं घास उतरला. गोजरबाई समोर उकिडव्या बसून टक लावून पाहत होत्या.

"कशी झाली?"

भगवानरावांनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं, मिशा पुसल्या आणि ताट पुढे सरकवलं.

"महादेवानं जहर घोटलं, तवा पार्वतीनं इचारलं नोयतं, कसं झालं म्हनून! वाढ अजून थोडी."