नोटीस आणणारा माणूस

परंड्याच्या बसस्टँडजवळ माझं सायकल दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं. अतिक्रमणाची नोटीस घेऊन येणारा नगरपालिकेचा शिपाई ख्रिस्ती होता. कागद देऊन तो लगेच जायचा नाही. पायरीवर टेकायचा, कपाळ पुसायचा अन् दमल्या आवाजात म्हणायचा, "मामा, काढून घ्या. आमच्या बायबलात देवानं एक शहर उलथवायच्या आधी चाळीस दिवस दिले व्हते. लोकांनी ऐकलं, शहर वाचलं."

"मग आमचं दुकान वाचंल का?" मी चिडून विचारलं.

"न्हाय. सामान वाचंल."

असा तो पाचदा आला. शेवटी मी कंटाळून हो म्हणालो, तेव्हा पत्रे उतरवायला त्यानंच हात लावला.

शेजारचा चहावाला मात्र ऐकेना. जेसीबी आला त्या सकाळी शिपाई त्याच्या दारात आडवा उभा राहिला. जेसीबीबरोबर आलेले त्याचे साहेब ओरडले.

"साहेब, अजून एक डाव सांगतो," म्हणत तो आत गेला.

चहावाल्यानं स्टोव्ह विझवला. दोघं भांडी बाहेर आणू लागले, मीही गेलो. शेवटचं पातेलं बाहेर आल्यावर शिपायानं जेसीबीवाल्याला हात केला आणि तिकडं पाठ करून रस्त्याकडेला बसला.