रंगाखालचा सांधा

वेल्डिंगच्या शेडमध्ये त्याला सगळे भिंगरी म्हणत. खरं नाव फक्त आई घ्यायची, ती गेल्यापासून तेही बंद झालं. त्याला खुर्ची दिली तर तो कडेला टेकणार, चहाचे दोन घोट घेऊन उठणार, दारापर्यंत जाऊन परत येणार. जेवायला बसला तरी एक गुडघा हलत असे. बायको म्हणायची, "तुमच्या शेजारी जेवायचं म्हणजे चालत्या बसमध्ये जेवायचं." असा हा माणूस पाइपाचं तोंड कापायला बसला की मात्र जागचा हलत नसे. तेव्हा कोणी हाक मारली तरी त्याला ऐकू जात नसे, किंवा तो तसं दाखवत असे.

तोंड कापणं म्हणजे काही फार गूढ प्रकार नव्हे. गोल पाइपावर दुसरा गोल पाइप जोडायचा, तर त्याचं टोक सरळ कापून भागत नाही; ते मधे टेकतं आणि दोन्ही अंगांना फटी राहतात. म्हणून टोकाला असा बाक द्यायचा की ते दुसऱ्या पाइपाच्या पाठीवर अंगाबरोबर बसलं पाहिजे. भिंगरी हे शिकला तेव्हा हॅक्सॉने दोन तिरके छेद घ्यायचे आणि उरलेलं अर्धगोल कानशीने घासत बसायचं, अशी पद्धत होती. पुढे ग्राइंडर आला. पाइपाभोवती कागद गुंडाळायचा, त्यावरची वळणाची रेघ पाइपावर उतरवायची आणि रेघेरेघेने कापायचं. अलीकडे शेडमध्ये होल सॉ आला होता. तो म्हणजे दातेरी कडांची लोखंडी वाटी. ती यंत्राला लावली की एका दमात गोल तोंड पाडून मोकळी. भिंगरीला ती आवडायची, पण पाइप तिरका बसवायचा असला की तो अजून कागदच काढायचा. तिरक्या पाइपाचं तोंड एका अंगाला लांब जातं आणि तिथंच भल्याभल्यांची फसगत होते, असं तो सगळ्यांना सांगे.

सांगण्यात तो कमी नव्हताच. वेल्डिंगचा पहिला टाका मारण्याआधी दोन्ही पाइप जुळवून उजेडासमोर धरायचा आणि म्हणायचा, "एक किरण जरी आरपार दिसला तर नाव बदला माझं."

"बदललंय की," शेडमधलं कोणी तरी म्हणे, आणि तो स्वतःही हसे.

शेड धाकट्या मेव्हण्याची होती. मेव्हणा त्याला दाजी म्हणे, अहो-जाहो करी, आणि त्या अहो-जाहोमधूनच दिवसभर राबवून घेई. भिंगरीची बायको तिथंच रंगाचं काम बघायची. घासून आलेला माल पुसायचा, बारीक भोकं पुट्टीने भरायची, प्रायमर मारायचा, वर रंग चढवायचा. नवऱ्याच्या हातचा माल तिच्याकडे आला की पुट्टीचा डबा उघडावाच लागत नाही, असं ती कौतुकाने सांगत असे. नवऱ्यासमोर नव्हे, माघारी.

मग शाळेचं काम आलं. मुलांनी चढायचा एक मोठा घुमट, गोल आणि तिरक्या पाइपांचा, कुठूनही लोंबकळावं असा. तिरके पाइप सगळे एकाच मापाचे. भिंगरीने कागद काढला, रेघा आखल्या, आणि काम झकास चाललं होतं. शेवटच्या दिवशी टेम्पो दारात येऊन उभा राहिला. मेव्हणा दर थोड्या वेळाने येऊन "दाजी, झालं का?" विचारू लागला. त्या घाईत भिंगरीने एक पाइप कापला तो लांबी चुकीच्या ठिकाणाहून धरून. बाकाच्या तळापासून धरायची, ती त्याने टोकापासून धरली. पाइप आखूड पडला आणि एका बाजूला बोटभर फट राहिली. त्या मापाचा दुसरा तुकडा शिल्लक नव्हता. नवा आणायचा तर टेम्पो परत पाठवावा लागणार होता.

त्याने वेल्डिंगचा रॉड मोडला, फटीत कोंबला, वरून वेल्डिंग ओढलं आणि ग्राइंडरने असं साफ केलं की हात फिरवून कोणाला शंका येऊ नये. फाटकांना, खिडक्यांच्या जाळ्यांना हे सर्रास चालतं. फाटकाला कोणी लोंबकळत नाही, लोंबकळलंच तर घरचं पोर लोंबकळतं आणि चार शिव्या खातं. पण हा घुमट होता. यावर पोरं लोंबकळणार, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा माल रंगायला गेला होता. बायकोने रंग मारला, टेम्पो गेला, घुमट शाळेच्या अंगणात उभाही राहिला.

त्या दिवसापासून भिंगरीची झोप उडाली. एरवी तो चालायचा ते सवयीने, आता जागेवर थांबलं की छातीत धडधडायचं म्हणून चालू लागला. शेडमध्ये हातातलं काम सोडून अंगणात जाई आणि कशासाठी आलो हे विसरून परत येई. जेवणात लक्ष नव्हतं. बायकोने एकदा विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर तो उखडला, "मला काय धाड भरलीय?" ती भांडी आवरू लागली. मेव्हण्याकडे जाऊन सांगावं असं त्याला दहादा वाटलं. पण इतकी वर्षं उजेडासमोर पाइप धरून मिरवलं, आता कोणत्या तोंडाने सांगणार?

सोमवारी घुमट मुलांसाठी खुला होणार होता. रविवारी दुपारी तो बायकोला म्हणाला, "जरा शाळेत जाऊन येतो. बोल्ट बघायचेत."

"मीही येते," ती म्हणाली, आणि चप्पल घालून दारात उभी राहिली. नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही.

रखवालदाराने फाटक उघडून दिलं. अंगण रिकामं होतं आणि मधोमध घुमट, लाल-पिवळा, चकचकीत. भिंगरीने खिशातून लहान हातोडी काढली आणि एकेक सांधा ठोकून ऐकू लागला. सगळे सारखेच वाजले. बोटांनी चाचपून पाहिलं, सगळे सारखेच लागले. घुमट चहूबाजूंनी एकसारखा, त्यात रंगवताना उलटासुलटा केलेला. आपण लपवलेली गोष्ट आपल्यालाच सापडू नये इतकं साफ काम आपण केलंय, हे त्याच्या लक्षात आलं.

मग तो लोंबकळला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस एका पाइपावरून दुसऱ्यावर लटकत, हिसके देत निघाला. शर्ट वर गेला, चप्पल गळून पडली. रखवालदार तोंडावर हात धरून हसत होता. बायको पायरीवर बसून बघत होती, ती हसत नव्हती. एकही सांधा हलला नाही. पण आज हलला नाही म्हणून उद्या, परवा, चार पोरं एकदम चढल्यावर हलणार नाही, हे कोणी सांगावं? तो खाली उतरला. बायकोसमोर येऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "यातला एक सांधा मी बुजवलाय. रॉड कोंबून. कुठला ते आठवत नाही."

ती उठली. घुमटाला वळसा घालून मागच्या अंगाला गेली, वाकली आणि एका सांध्यावर बोट ठेवलं.

"हा," ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"भोकं होती तिथं दोन. आत रॉडचं टोक दिसत होतं. पुट्टी मीच भरली ना."

"मग बोलली का नाहीस?"

"धाकट्याला सांगितलं असतं तर तो तुम्हाला बोलला असता. ते मला ऐकवलं नसतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात." तिचं बोट सांध्यावरच होतं. "आणि तुमचं ते ‘नाही’ मला जन्मभर सांभाळत बसावं लागलं असतं."

"आणि आज मी काहीच बोललो नसतो तर?"

"उद्या सकाळी पोरं यायच्या आत मी इथं आले असते. धाकट्याला घेऊन."

सांगून टाकलं की जीव हलका होईल, असं त्याला वाटत होतं. झालाही थोडा. पण इतके दिवस ही समोर बसून वाढत होती, माझ्या तोंडाकडे बघत होती आणि वाट पाहत होती, हे मनात आलं आणि त्याला तिच्याकडे बघवेना. मेव्हण्याची भीती त्यापुढे काहीच नव्हती. त्याने फोन काढला.

"ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन घेऊन शाळेत ये. पाइपही आण, घुमटाच्या मापाचा. एक सांधा कापून काढायचाय."

"आता? दाजी, रविवार आहे. आणि रंग झालाय त्यावर, कोणाला काय दिसतंय?"

"फट होती. आत रॉड भरलाय."

पलीकडे मेव्हण्याचा आवाज चढला, "कोणी केला हा उद्योग?"

बायको सांध्यावरचं बोट न उचलता त्याच्याकडे बघत होती.

"मी," तो म्हणाला.